केंद्र सरकार पैसा आणतं कुठून, आणि खर्च करायला परवानगी कुणाची लागते?

१ फेब्रुवारीला सकाळी अकराला अर्थमंत्री लोकसभेत उभ्या राहिल्या की टीव्हीवर ‘काय स्वस्त, काय महाग’ची पट्टी सुरू होते. ही पट्टी आता बरीचशी सवयीनं चालते. जुलै २०१७ पासून साबण, सिमेंट, फ्रिज, हॉटेलचं बिल यांवरचा कर जीएसटी परिषदेत ठरतो आणि तिथे केंद्राच्या बरोबरीनं सगळी राज्यं बसतात. साबण आणि टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, अर्थसंकल्पाचा काही संबंध नसताना. वस्तूंच्या बाबतीत अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्थमंत्र्यांच्या हातात उरतं ते मुख्यतः आयातीवरचं सीमाशुल्क आणि पेट्रोल, डिझेल, तंबाखू अशा मोजक्या मालावरचं उत्पादन शुल्क.

मग त्या दिवशी घडतं काय? सरकार संसदेकडे दोन परवानग्या मागतं. लोकांकडून कर घ्यायची एक आणि त्या पैशातून खर्च करायची दुसरी. पहिली मिळते वित्त विधेयकातून, दुसरी विनियोजन विधेयकातून. एकूण जमा आणि खर्च यांत जो फरक पडतो तेवढं कर्ज. भाषणातले शेर, टाळ्या, योजनांची आद्याक्षरं जुळवून बेतलेली नावं बाजूला सारली की हातात राहतो तो हा परवान्याचा कागद. परवाना मिळाला म्हणजे पैसा आला असं होत नाही आणि पैसा आला म्हणजे तो गावात पोहोचला असंही होत नाही. अर्थसंकल्पाबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन टप्प्यांमध्ये अडकलेले असतात.

सगळा पैसा एकाच खात्यात

कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाकडूनही कर घेता येत नाही, असं संविधानाचं कलम २६५ सांगतं. पुढचं कलम २६६ त्याहून महत्त्वाचं. सरकारला मिळालेला सगळा महसूल, काढलेली सगळी कर्जं आणि परत आलेली उधारी, हे सारं ‘भारताच्या संचित निधी’त जमा होतं. आणि त्यातला एक रुपयाही संसदेनं कायदा केल्याशिवाय बाहेर काढता येत नाही.

न्हावा-शेवाला उतरलेल्या कंटेनरवरचं सीमाशुल्क, पिंपरीतल्या कारखान्यानं भरलेला आगाऊ आयकर, तुमच्या पगारातून कापलेला टीडीएस, हे सगळं आधी वेगवेगळ्या बँकांत जमा होतं आणि तिथून रिझर्व्ह बँकेतल्या सरकारच्या खात्यात जातं. केंद्राची आणि राज्यांची ही मुख्य खाती सांभाळणारं रिझर्व्ह बँकेचं कार्यालय, सेंट्रल अकाउंट्स सेक्शन, नागपुरात आहे. गंमत म्हणजे मिनिमम बॅलन्सची कटकट फक्त आपल्यालाच नसते. केंद्र सरकारनंही रोज या खात्यात किमान १० कोटी आणि शुक्रवारी १०० कोटी रुपये ठेवायचे, असा रिझर्व्ह बँकेशी झालेला करार आहे. ५० लाख कोटींची उलाढाल करणाऱ्यासाठी ही रक्कम किरकोळच, पण नियम आहे.

सगळा पैसा एकत्र होत असल्यामुळे ‘माझा आयकर रस्त्याला गेला की खासदारांच्या पगाराला’ या प्रश्नाला उत्तर नसतं. नोटांवर खुणा नसतात.

या मोठ्या निधीच्या शेजारी दोन लहान कप्पे आहेत. एक ‘लोकलेखा’. सरकारी कर्मचाऱ्यांचा पीएफ, पोस्टातल्या बचती, ठेकेदारांच्या अनामती असा जो पैसा सरकारचा नसतो, सरकारकडे फक्त सांभाळायला असतो, तो इथे येतो. तो परत द्यायला संसदेची मंजुरी लागत नाही, कारण तो मुळात दुसऱ्याचा आहे. दुसरा कप्पा आकस्मिकता निधीचा. संसदेचं अधिवेशन नाही आणि संकट दारात आहे, अशा वेळी वापरायचा. तो वर्षानुवर्षं ५०० कोटींचा होता, २०२१ मध्ये ३० हजार कोटींचा केला.

रुपया येतो कसा

या लेखापुरता २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेऊ, म्हणजे आकडे हाताशी राहतील. एकूण खर्चाचा अंदाज ५०.६५ लाख कोटी रुपये. लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं, तेव्हा डोक्यात काहीच चित्र उभं राहत नाही. देशाची लोकसंख्या ढोबळमानानं १४० कोटी धरून भागलं तर माणशी वर्षाला साधारण ३६ हजार रुपये होतात. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकामागे ३६ हजार.

अर्थसंकल्पाच्या कागदांत एक गोल चित्र असतं, ‘रुपया येतो कसा, जातो कसा’. त्या वर्षी येणाऱ्या रुपयात आयकराचे २२ पैसे, जीएसटीचे १८, कंपन्यांच्या करांचे १७, उत्पादन शुल्काचे ५, सीमाशुल्काचे ४. करांखेरीज इतर उत्पन्नाचे ९ पैसे. सरकारी मालमत्ता आणि शेअर विकून वगैरे फक्त १ पैसा. आणि कर्जाचे २४ पैसे.

पगारदार माणूस नेहमी म्हणतो की आम्हीच कर भरतो, कंपन्या मजेत असतात. यातला पहिला भाग अतिशयोक्तीचा असला तरी दुसऱ्यात तथ्य आहे. व्यक्तींच्या आयकराचा अंदाज १४.३८ लाख कोटी, कंपन्यांच्या कराचा १०.८२ लाख कोटी. पूर्वी हे उलट होतं, कंपन्यांचा कर वरचढ असायचा. २०१९ मध्ये कंपन्यांचे दर खाली आणले आणि तेव्हापासून तोल हळूहळू माणसांकडे सरकला. मात्र आयकर न भरणारा माणूस कर भरत नाही हे म्हणणं चूक. साबणाची वडी घेणारा प्रत्येक जण जीएसटी भरतो, पॅन कार्ड असो वा नसो.

करांखेरीजच्या ९ पैशांत मोठा वाटा रिझर्व्ह बँकेचा आहे. परकीय चलनाच्या साठ्यावरचं व्याज, सरकारी रोख्यांवरचं (सरकारनं कर्ज घेताना दिलेल्या कागदांवरचं) व्याज, डॉलरच्या खरेदी-विक्रीतला फायदा, यातून बँकेला जे उरतं त्यातला जोखमीसाठी बाजूला ठेवलेला भाग वगळून बाकीचं ती सरकारला देते. मे २०२५ मध्ये ही रक्कम होती २.६९ लाख कोटी. त्या मानानं सरकारी कंपन्या विकून सरकार चालतं हा समज फारच फुगवलेला आहे. एवढा गाजावाजा झालेल्या एलआयसीच्या आयपीओतून, म्हणजे पहिल्या शेअरविक्रीतून, २०२२ मध्ये सरकारला मिळाले वीस हजार कोटींच्या आसपास, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या या एका हप्त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

त्या गोल चित्रात एक खोच आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. चित्रातला रुपया केंद्राच्या खर्चाचा नाही. त्यात राज्यांना द्यायचा करांचा वाटाही, त्या वर्षी १४.२२ लाख कोटी, मिसळलेला आहे. हा पैसा केंद्र फक्त गोळा करून पुढे देतं. तो बाजूला काढला आणि निव्वळ केंद्राच्या ५०.६५ लाख कोटींचा हिशेब केला, तर कर्ज २४ पैशांऐवजी ३१ पैसे होतं आणि जाणाऱ्या रुपयातला व्याजाचा खर्च २० ऐवजी २५ पैसे. आकडे खोटे नाहीत, पण मोठ्या पातेल्यात मीठ कमी लागल्यासारखं वाटतं, तसंच.

राज्यांचा वाटा आणि उपकराची वाट

हा भाग जरा सावकाश बघायला हवा, कारण महाराष्ट्रात होणारी ‘दिल्ली आम्हाला काय देते’ ही चर्चा इथेच घसरते.

१८ टक्के जीएसटीची हजार रुपयांची वस्तू घ्या. कर १८० रुपये. त्यातले ९० थेट तुमच्या राज्याचे, ९० केंद्राचे. केंद्राच्या ९० पैकी ४१ टक्के, म्हणजे ढोबळमानानं ३७ रुपये, सगळ्या राज्यांच्या सामाईक वाट्यात जातात. ४१ टक्के हा आकडा पंधराव्या वित्त आयोगाचा. संविधानाच्या कलम २८० नुसार साधारण दर पाच वर्षांनी असा आयोग नेमला जातो. केंद्राच्या करांतला किती भाग राज्यांना द्यायचा हे तो सुचवतो आणि तो भाग राज्याराज्यांत कसा वाटायचा हेही. तेराव्या आयोगानं ३२ टक्के दिले होते, चौदाव्यानं एकदम ४२ केले. पंधराव्यानं ४१ ठेवले, कारण मधल्या काळात जम्मू-काश्मीर राज्य राहिलं नव्हतं.

वाटपाच्या सूत्रात सर्वांत जास्त वजन, ४५ टक्के, राज्य किती गरीब आहे याला होतं. लोकसंख्या आणि क्षेत्रफळाला प्रत्येकी १५. त्यामुळे उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के, बिहारला १०.०५८, महाराष्ट्राला ६.३१७ आणि गोव्याला ०.३८६.

‘आम्ही इतका कर भरतो आणि मिळतं इतकंच’ ही तक्रार इथून येते. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. मुंबईत जमा होणारा कंपनी कर हा मुंबईत कमावलेला असतोच असं नाही. कारखाना ओडिशात, गिऱ्हाईक आसामात आणि नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला, की कर दिसतो महाराष्ट्राच्या नावावर. खरी तक्रार करायची तर ती उपकर आणि अधिभाराबद्दल करावी.

उपकर म्हणजे सेस, विशिष्ट कामासाठी लावलेला कर. अधिभार म्हणजे करावरचा कर. संविधानानुसार हे दोन्ही राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. आता पेट्रोल बघा. एप्रिल २०२५ मध्ये दोन रुपयांची वाढ झाल्यावर लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क २१.९० रुपये झालं. त्यात वाटून घ्यायचं मूळ शुल्क किती? १ रुपया ४० पैसे. उरलेले साडेवीस रुपये विशेष जादा शुल्क, रस्ते उपकर आणि कृषी उपकर. १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे सगळ्या राज्यांचे मिळून, आणि त्यातला महाराष्ट्राचा हिस्सा साडेतीन पैशांच्या जरासा वर. राज्य आपला व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, वेगळा लावतं आणि तो काही कमी नसतो, हेही सांगायलाच हवं. पण ४१ टक्क्यांचा आकडा तसाच ठेवून त्याखालची जमीन आक्रसत नेता येते ती अशी. केंद्राचं म्हणणं असतं की उपकराचा पैसा रस्ते, आरोग्य, शिक्षणावर राज्यांतच खर्च होतो. होतो, पण मग कुठला रस्ता आणि कुठली योजना हे दिल्ली ठरवते.

ठरावीक कामासाठी ठरावीक कर ही कल्पना वाईट आहे असं मात्र नाही. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो, तो महाराष्ट्रानं १९७५ च्या कायद्यानं लावला तोच मुळी रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, असा साधा हिशेब होता. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली ती योजना पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याचा आधार झाली.

कर्ज: शुक्रवारचा लिलाव

२०२५-२६ मध्ये कर्ज सोडून येणारी जमा ३४.९६ लाख कोटी, खर्च ५०.६५ लाख कोटी. मधली १५.६९ लाख कोटींची दरी म्हणजे वित्तीय तूट, देशाच्या जीडीपीच्या ४.४ टक्के. कोविडच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, ती ९.२ टक्क्यांवर गेली होती.

ही दरी भरायला सरकार बँकेच्या मॅनेजरसमोर जाऊन बसत नाही. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीनं रोख्यांचे लिलाव करते, दीर्घ मुदतीचे साधारणपणे शुक्रवारी, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे कमी मुदतीचे रोखे, बुधवारी. बँका, विमा कंपन्या, पीएफचे ट्रस्ट, म्युच्युअल फंड बोली लावतात. किती व्याजानं पैसे देणार, याची ती बोली. बँकांना तर रोखे घ्यावेच लागतात, कारण ठेवींच्या साधारण १८ टक्के रक्कम त्यांनी सरकारी रोखे, सोनं अशा सुरक्षित ठिकाणी ठेवली पाहिजे असा नियम आहे. म्हणजे तुमची मुदत ठेव, तुमचा एलआयसीचा हप्ता, तुमचा पीएफ, यांचा मोठा भाग फिरून सरकारकडेच जातो. पोस्टातली सुकन्या समृद्धी, पीपीएफ, किसान विकास पत्रं यांचा पैसाही अल्पबचत निधीतून सरकारला वापरायला मिळतो. सरकारवर एवढं कर्ज झालं म्हणून चिंता करणाऱ्याच्या कपाटातलं पासबुक हा बऱ्याचदा त्याच कर्जाचा पुरावा असतो.

रिझर्व्ह बँक नोटा छापून सरकारला का देत नाही, असं कुणीतरी विचारतंच. एके काळी जवळपास तसंच चालायचं. १९५५ पासूनची व्यवस्था अशी होती की सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की ‘ॲड हॉक’ ट्रेझरी बिलं काढून रिझर्व्ह बँक ती भरून द्यायची. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, जे स्वतः रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. तात्पुरती म्हणून केलेली सोय चार दशकं चालली आणि १ एप्रिल १९९७ ला बंद झाली. आता तात्पुरत्या टंचाईसाठी मर्यादित उचल मिळते, ती व्याजासह फेडायची. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँक सरकारचे रोखे थेट सरकारकडून विकतही घेत नाही. बाजारात फिरणारे जुने रोखे मात्र ती घेऊ शकते, आणि घेते.

कर्ज वाईट की चांगलं हे ते कशावर खर्च झालं यावर ठरतं, आणि त्यासाठी वित्तीय तुटीपेक्षा महसुली तूट बघावी. त्या वर्षीच्या १५.६९ लाख कोटींपैकी ५.२४ लाख कोटी ही महसुली तूट. पगार, पेन्शन, व्याज, अनुदान असा रोजचा खर्चही उत्पन्नातून भागत नाही म्हणून काढलेलं कर्ज. बाकीचं रस्ते, रेल्वे, संरक्षणसामग्री अशा टिकणाऱ्या गोष्टींवर. सरकारचं बहुतेक कर्ज रुपयांत आहे आणि देशातल्याच लोकांकडून घेतलेलं आहे, त्यामुळे ‘देश गहाण पडला’ वगैरे व्हॉट्सॲपी आरोळ्यांत दम नाही. त्रास वेगळा आहे. सालाचं व्याज १२.७६ लाख कोटी. सरकारच्या ३४.२० लाख कोटींच्या महसुलातले शंभरातले ३७ रुपये मुद्दलाला हात न लावता नुसत्या व्याजात जातात.

खर्चाची मंजुरी: पुष्कळ पैसा, थोडी चर्चा

आता दुसरी परवानगी. प्रत्येक मंत्रालय आपला खर्च ‘अनुदानाची मागणी’ म्हणून लोकसभेपुढे ठेवतं. तत्त्वतः सदस्य एकेक मागणी तपासतात, कपात सूचना मांडतात, त्यातली प्रतीकात्मक सूचना शंभर रुपयांच्या कपातीची असते. शंभर रुपयांनी सरकारचं काही बिघडत नाही, पण सूचना मंजूर झाली तर तो सरकारवरचा अविश्वासच. सगळ्या मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येतं, आणि ते कायदा झालं की संचित निधीचं कुलूप उघडतं. हे धन विधेयक, म्हणजे फक्त सरकारी पैशाबद्दलचं विधेयक, असल्यानं राज्यसभेला १४ दिवसांत शिफारशी करता येतात, अडवता येत नाही.

प्रत्यक्षात ठरलेल्या दिवशी संध्याकाळी चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एका दमात मताला टाकल्या जातात. याला संसदेत गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही, सगळं गिलोटिनखाली गेलं. सत्ताधारी गोंधळाचं खापर विरोधकांवर फोडतात, विरोधक उलट. ग्रामसभेत हातपंपाच्या दुरुस्तीवर यापेक्षा जास्त वेळ जातो.

शिवाय बऱ्याच खर्चावर मतदान होतच नाही. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार आणि कर्जावरचं व्याज हा ‘भारित’ खर्च. त्यावर बोलता येतं, मत देता येत नाही. राष्ट्रपती आणि न्यायाधीश सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर राहू नयेत आणि सावकाराला पैसे मिळण्याची खात्री असावी, हा त्यामागचा विचार.

वर्षाच्या मध्ये अंदाज चुकला तर पुरवणी मागण्या. २०२२-२३ मध्ये खतांच्या अनुदानासाठी सुमारे १.०५ लाख कोटी धरले होते. युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅस आणि खतांचे जागतिक भाव भडकले आणि वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च गेला २.५१ लाख कोटींवर.

युरियाची गोणी

हा खतांचा पैसा शेतकऱ्यापर्यंत जातो कसा ते बघण्यासारखं आहे. कृषी सेवा केंद्रात ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. कंपनीला ती त्याच्या कितीतरी पट खर्चात पडते. दुकानदार पॉस मशीन पुढे करतो, शेतकरी आधार क्रमांक सांगून अंगठा लावतो, पावती निघते. त्या अंगठ्याबरोबर विक्रीची नोंद केंद्राच्या खत विभागाच्या प्रणालीत जाते आणि तिच्या आधारावर फरकाची रक्कम केंद्र सरकार कंपनीला देतं. शेतकऱ्याच्या खात्यात अनुदानाचा एक रुपयाही येत नाही आणि तरी तो सरकारच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एकाचा लाभार्थी असतो. २०२५-२६ मध्ये खतांसाठी १.६८ लाख कोटी आणि रेशनच्या धान्यासाठी २.०३ लाख कोटी धरले होते.

पीएम-किसानचं उलटं आहे. तिथे वर्षाला तीन वेळा दोन-दोन हजार रुपये थेट खात्यात पडतात आणि मोबाइलवर मेसेज येतो. गोणीतलं अनुदान दिसत नाही, दोन हजारांचा मेसेज दिसतो. निवडणुकीच्या राजकारणात कुठल्या खर्चाला भाव येणार हे यावरून समजावं.

राज्यामार्फत चालणाऱ्या योजनांत आणखी एक पायरी असते. केंद्राचा हिस्सा राज्याकडे येतो, राज्यानं आपला हिस्सा घालायचा, आधीचा हप्ता ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, मग पुढचा हप्ता. ३१ मार्चला न वापरलेली मंजुरी संपते, उरली म्हणून पुढच्या वर्षी चालत नाही. त्यामुळेच मार्चमध्ये सरकारी कचेऱ्यांतले दिवे रात्री उशिरापर्यंत सुरू दिसतात आणि बिलं धडाधड निघतात. अर्थ मंत्रालयानं त्यावर लगाम घातलेला आहे: शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या ३३ टक्क्यांहून आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये.

खर्च झाल्यावर कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं, ऑडिट येतं आणि ते अहवाल संसदेची लोकलेखा समिती तपासते. समितीत २२ खासदार, अध्यक्ष १९६७ पासून प्रथेनुसार विरोधी पक्षाचा. काम चांगलं, पण गाडी निघून गेल्यावर स्टेशनात पोहोचणारं.

सामान्य वाचकाला त्याआधीच एक गोष्ट करता येते. अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या पुस्तकांत, जी इंग्रजी-हिंदीत आहेत आणि मोफत उपलब्ध आहेत, प्रत्येक योजनेसमोर आकड्यांचे रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातम्या फक्त शेवटच्या रकान्यावर होतात. मधले दोन शेजारी ठेवून बघावेत.

घरोघरी नळ देणारं जलजीवन मिशन घ्या. २०२४-२५ साठी मूळ तरतूद होती ७०,१६३ कोटी. त्याच वर्षाचा सुधारित आकडा, फेब्रुवारी २०२५ मध्ये छापलेला, २२,६९४ कोटी. शेजारच्या रकान्यात २०२५-२६ साठी पुन्हा ६७,००० कोटी. भाषणात घोषणा झाली ती मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याची आणि वाढीव तरतुदीची. आदल्या वर्षीच्या परवानगीतले दोन तृतीयांशाहून जास्त पैसे निघालेच नाहीत, हे भाषणात नव्हतं, रकान्यात होतं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत टाकी उभी, पाइप पुरलेले आणि ठेकेदाराची बिलं थकलेली, ही बातमी त्या वर्षी जिल्ह्याच्या पानावर वारंवार येत होती. तिचं कारण शोधायला दिल्लीच्या त्या पुस्तकातली एक ओळ पुरे होती.